आमची मलप्रभा कुठं गेली?

मंगलाष्टक कुठं चुकलंय हे माझ्या आधी पायाला कळतं. टेबलाखाली चपलेचा ठेका चालू असतो, आणि ओळ लंगडली की चप्पल थांबते. मग डोळे कागदावर परत जातात, मग बोटं मोजायला लागतात. बेळगावातल्या एका छापखान्यात मी बावीस वर्षं डीटीपी करते आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वास्तुशांत, मंडळांच्या पावत्या, श्रद्धांजलीचे फलक, सगळं. माझ्या मशीनवर मराठी टायपिंगची श्रीलिपी, शेजारच्या मशीनवर कन्नडचं नुडी. तिथं अण्णा बसतात. आमच्याकडच्या निम्म्या पत्रिका दोन्ही भाषांत असतात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अण्णा, आणि वरचा गणपती सामाईक.

पत्रिकेबरोबर मंगलाष्टकांचा वेगळा कागद छापून घेणारी माणसं अजून आहेत. पिवळा नाहीतर गुलाबी कागद, चारी बाजूंनी वेलबुट्टी, आणि आत घरातल्याच कुणीतरी रचलेली कडवी. बहुतेकदा ती जुनीच असतात. मागच्या लग्नातला कागद आणायचा, नवरानवरीची नावं बदलायची, की झालं. आता ‘मधुरा’च्या जागी ‘ऐश्वर्या’ घातली की काय होतं हे छापणाऱ्याला कळतं आणि म्हणणाऱ्या आत्याला मांडवात कळतं. ल म्हणजे हलकं अक्षर, लघू; गा म्हणजे जड, गुरू. मधुरा म्हणजे ललगा, ऐश्वर्या म्हणजे गागागा. तीन जड अक्षरांची मुलगी ओळीच्या अगदी तोंडाशीच बसते, मधे घातली की अडकते.

तर चैत्रात एक मामा आले. खानापूर तालुक्यातले, नदीकाठचे शेतकरी. लग्न भाचीचं, ती लहानपणापासून त्यांच्याच घरी वाढलेली. खिशातून शाळेच्या वहीचं चौघडी घातलेलं पान काढलं. निळ्या पेनानं चार ओळी.

मामाच्या घरची कळी उमलली, दारात ती थांबते
हातांना हळदीत रंग चढला, वाटेकडे पाहते
जाते दूर मलप्रभा हळुहळू, कृष्णेस ती भेटते
दोघांच्या संसाराचा झरा न आटो, कुर्यात् सदा मंगलम्

“पैल्यांदाच लिवलंय. नीट करून द्या बाई,” म्हणाले. आणि दारापर्यंत जाऊन परत वळून, “खरं माझंच ऱ्हाऊ दे.”

आमच्याकडचं हे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याच्या माणसाला वाटेल मामा सत्याची ग्वाही देतायत. ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं, त्याची फेड पुढं झालीच.

मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित. शार्दूल म्हणजे वाघ, विक्रीडित म्हणजे त्याचं खेळणं. ओळीत एकोणीस अक्षरं, तीन-तीन अक्षरांचे गण म स ज स त त आणि शेवटी एक गुरू, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. हे आम्हाला गावच्या शाळेत गुरुजींनी चिंचोके आणि ज्वारीचे दाणे घेऊन शिकवलं. गुरूला चिंचोका, लघूला दाणा. जमिनीवर ओळ मांडायची. गण पाठ करायचे नाहीत, ‘यमाताराजभानसलगा’ एवढं एकच लक्षात ठेवायचं. ज्या गणाचं अक्षर हवं ते धरायचं आणि पुढची दोन घ्यायची. ‘म’ हवा? मा-ता-रा, तीन चिंचोके. ‘स’ हवा? स-ल-गा, दोन दाणे एक चिंचोका. ‘ज’ हवा तर ज-भा-न, ‘त’ हवा तर ता-रा-ज. मांडून झालं की जमिनीवर जे दिसायचं ते असं:

गागागा ललगा लगाल ललगा । गागाल गागाल गा

पहिली तीन पावलं जड, दबकत. मग धावपळ, बाराव्यावर थबकणं, आणि तिथून सात अक्षरांची मोजकी झेप. गुरुजी म्हणायचे, वाघ बघितला नसेल तर मांजर उंदरावर जाताना बघा, तेच वृत्त. शेवटची सात अक्षरं तर कुणालाच मोजावी लागत नाहीत. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ म्हणून बघा: कुर्-यात्-स-दा-मं-ग-लम्, गागालगागालगा. त्या सातांच्या मापावर बाकीच्या ओळींचं शेपूट कापून घ्यायचं.

मामांच्या चौथ्या ओळीवर चप्पल थांबली. अक्षरं मोजली तर एकोणीसच! यतीही बाराव्यावर. म्हणजे मामांनी बोटं मोडून मोजलेलं, चांगलं दोन-तीनदा. पण दो-घां-च्या-सं-सा-रा-चा, ओळीनं सात चिंचोके. चौथ्या-पाचव्या जागी दोन दाणे लागतात, तिथं ‘संसा’ येऊन बसलाय. संसार जडच, तो मांडायला चुकीची जागा निवडली एवढंच. नवशिक्यांचं नेहमी असंच होतं, अक्षरांची संख्या जमते आणि वजन राहतं. मी तिथं शिसपेन्सिलीनं लिहिलं: दोघांच्या घरचा झरा न सुकु दे. दो-घां-च्या, घ-र-चा, झ-रा-न, सु-कु-दे. बसलं. वर पहिल्या ओळीत ‘मामाच्या घरची’ आहे, खाली बरोबर त्याच जागी ‘दोघांच्या घरचा’ आला. स्वतःवरच खूश झाले.

त्या खुशीत तिसरी ओळ वाचली आणि चप्पल पुन्हा थांबली.

‘जाते दूर मलप्रभा’. मी वाचलं ते असं: जा-ते-दू, र-म-ल… आणि इथं ललगा हवं तर मला मिळालं ललल. ‘ल’ हलका. आपण बोलताना ‘मल्’ म्हणतो, किंचित थांबतो, मग ‘प्रभा’. दोन शब्द असल्यासारखे. जोडाक्षराच्या धक्क्यानं आधीचं अक्षर जड होतं, पण मराठीत पुढच्या शब्दाच्या जोडाक्षराचा धक्का मागच्या शब्दाला सहसा बसत नाही. शिवाय सगळीच जोडाक्षरं धक्का देतात असंही नाही. ‘पुन्हा’मधला पु, ‘तुझ्या’मधला तु, ‘कऱ्हाड’मधला क हे लघूच राहतात, ही सूट गुरुजींनी आवर्जून शिकवलेली. एवढं शास्त्र पाठीशी असल्यावर माणूस शंका कशाला घेईल? ‘मलप्रभा’ खोडलं आणि लिहिलं: जाते दूर नदी कशी हळुहळू. न-दी-क-शी, घडी मोडल्यासारखं सरळ. प्रूफ काढून ट्रेमध्ये टाकलं.

तिसऱ्या दिवशी मामा आले. भर उन्हातून आले होते, टॉवेलनं मान पुसत प्रूफ हातात घेतलं. पहिल्या दोन ओळींवर मान हलली. तिसरीवर बोट थांबलं.

“बाई, आमची मलप्रभा कुठं गेली?”

मी समजावायला लागले. लघू, गुरू, ल हलका पडतो, वृत्तात बसत नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पोर हुनगुंदकडं दिलीया. कूडलसंगमच्या वाटंवर. आमच्या शेताखालनं जाणारं पाणी तिकडंच जातंय की वो. म्हणून नाव घातलं.”

मी कागद परत वाचला. मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते. तिथून पश्चिमेचा समुद्र जवळ, पण ती त्याला पाठ करून उलट पूर्वेला निघते. खानापूर, सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ धरण, आणि पार बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेत शिरते. म्हणजे मामांनी उपमा शोधली नव्हती, मुलीचा सासरचा पत्ता लिहिला होता. मी त्याच्या जागी ‘नदी कशी’ लिहिलं. त्यातली नदी कुठलीही आणि ‘कशी’ भरीची. बावीस वर्षांत असे किती पत्ते खोडले असतील कोण जाणे.

पण वृत्ताचं काय? मी ते सोडायला तयार नव्हते. हट्टानं म्हटलं, “खरं म्हणताना ते अडकतंय.”

“कुठं अडकतंय?” म्हणून मामांनी तिथंच, बिलाच्या टेबलाशी उभं राहून ओळ म्हटली. भजनात म्हणणाऱ्याचा गळा. जाऽतेऽदूऽ रमलप् रभाह ळुहळूऽ. अडकलं नाही. ‘लप्’वर असा काही जोर आला की चिंचोका टण्णकन पडल्यासारखा वाटला.

“भटजी ‘स्वस्ति श्री’ म्हणताना काय करत्यात? ऐका की.”

हे मला सुचायला हवं होतं. ‘स्वस्ति श्रीगणनायकं गजमुखं मोरेश्वरं सिद्धिदम्’, प्रत्येक लग्नात पहिलं कडवं हेच, आणि त्यातलं दुसरंच अक्षर ‘ति’. उघडउघड ऱ्हस्व. जागा मात्र गुरूची. पुढचा ‘श्री’ त्याला मागून ढकलतो आणि ति ‘तिश्’ होऊन जड होतो. दर लग्नात आपण ते ऐकतो, अक्षता टाकतो आणि जेवायला जातो. माझ्या सगळ्या शास्त्राला मंगलाष्टकाचं दुसरंच अक्षर खोटं पाडत होतं. आणि मलप्रभा तर एकच शब्द. दोन शब्द मी माझ्या जिभेच्या सोयीनं केले होते.

तरी शेवटचा खिळा अण्णांनी मारला. ते मराठी बोलतात, वाचतात, पण मराठी शाळेत गेलेले नाहीत. मी प्रूफ त्यांच्यापुढं सरकवलं आणि मुद्दाम काही न सांगता मूळ तिसरी ओळ वाचायला लावली. त्यांनी वाचली, सपाट, बातम्या वाचल्यासारखी. जा-ते-दू-र-म-लप्-र-भा. प्रत्येक अ पुरा. ‘दूर’चा र पुरा. वृत्त अगदी काट्यावर.

त्याचं कारण साधं आहे, पण इतकी वर्षं शेजारी बसून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आपण मराठीत अ लिहितो आणि गिळतो. लिहायचं ‘घरची’, म्हणायचं ‘घर्ची’. लिहायचं ‘पाहते’, म्हणायचं ‘पाह्ते’. कन्नडमध्ये लिहिलेला अ तोंडातून यावाच लागतो; उलट शब्दाच्या शेवटी स्वर नसला तर ते पदरचा घालतात, म्हणून अण्णांचं ‘कार्डु’ आणि ‘बस्सु’. वृत्त मात्र न गिळलेल्या अक्षरांवर उभं आहे. ‘घरची’ वृत्तात घ-र-ची अशी तीनच अक्षरं धरते, तुम्ही बोलताना दोन करा नाहीतर दीड. म्हणून मंगलाष्टक म्हणताना आपण सगळे थोडे अनोळखी मराठी बोलतो, आणि अण्णा बोलतात तेव्हा ती मराठी वृत्ताला जास्त जवळची असते. मी उच्चार सुधारायचा म्हणून त्यांना कितीदा टोकलं असेल!

मामांना बसायला बाक दिला, चहा मागवला, आणि मग चारही ओळी नव्यानं वाचल्या, या वेळी दुरुस्तीची पेन्सिल खाली ठेवून.

यमक दुबळं आहे, हे मी मामांना तोंडावर सांगितलं. थांबते, पाहते, भेटते. ‘ते’वर संपणारी क्रियापदं मराठीत पोत्यानं मिळतात, त्यांच्या जोरावर यमक जुळवणं म्हणजे जावयाला दुकानातला कुंदा आणून ‘घरी केला’ म्हणण्यासारखं. थांबते-भेटते यांत ‘ते’ सोडलं तर काही जुळत नाही. पण ओळीनं वाचा: ती थांबते, मग पाहते, मग भेटते. दारातून निघून संगमापर्यंतची वाट तीन क्रियापदांत झाली. आणि तिसऱ्या ओळीतल्या ‘ती’ला बघा. पहिल्या ओळीतली ‘ती’ म्हणजे मुलगी. तिसऱ्या ओळीतली ‘ती’ म्हणजे नदी. मधे ‘जशी’ नाही, ‘तशी’ नाही, मुलगी नदीसारखी आहे असं एका शब्दानं म्हटलेलं नाही. दोन वाक्यं शेजारी ठेवली आणि सर्वनाम तेच राहू दिलं, एवढ्यात काम झालं. माझ्या ‘नदी कशी’नं तेच बिघडवलं होतं, ‘कशी’ आलं की कुणीतरी बोट दाखवून सांगतंय असं वाटायला लागतं.

दोष आहेतच. पहिल्या ओळीत मुलगी कळी आहे, दुसऱ्या ओळीत तिच्या हातांना हळद आहे. कळीला हात कुठून आले? मामा म्हणाले, “कळी वरच्या वळीत ऱ्हायली की.” मान्य करायला हवं होतं, मी केलं नाही.

मला सगळ्यात आवडलं ते ‘हळुहळू’. एक तर वर ‘हातांना हळदीत’ येऊन गेलंय, त्याचा ह आणि ळ खाली ‘हळुहळू’त परत ऐकू येतो, हळद नदीच्या पाण्याला लागल्यासारखी. दुसरं म्हणजे त्याची जागा. नवव्या अक्षरापासून ल-ल-ल-गा, तीन लघू लागोपाठ. अख्ख्या वृत्तात तीन लघू सलग येतात ते इथंच. म्हणजे वाघ जिथं सगळ्यात जोरात पळतो तिथं मामांनी ‘हळुहळू’ ठेवलंय. कागदावर ही विसंगती वाटते. पण मामांनी म्हटलं तेव्हा ऐकलं: अक्षरं भराभर निघाली, शेवटच्या ‘ळू’वर आवाज लांबला, यतीला थांबला, आणि मग ‘कृष्णेस’ सावकाश आलं. खानापूरच्या पुलावरून पावसाळ्यात पाणी बघितलंय का? वरून संथ दिसतं, आणि खाली एखादं लाकूड वाहत आलं की कळतं ओढ किती आहे.

“हे मुद्दाम केलंत?” मी विचारलं.

“छे हो. बसलं तिथं बसवलं.”

अण्णा तोवर ओळींच्या सुरुवातीकडं बघत होते. “अक्का, प्रास एल्लि?” यमक कुठंय, असं विचारत होते. यमक शेवटी असतं, म्हणून मी ‘ते ते ते’ दाखवलं. त्यांनी मान हलवली. जुन्या कन्नड कवितेत प्रास शोधायचा तो ओळीच्या दुसऱ्या अक्षरात, प्रत्येक ओळीचं दुसरं व्यंजन एकच हवं. आपण शेपटीकडं ऐकतो, ते डोक्याकडं. आम्ही चारही ओळींची दुसरी अक्षरं काढली: मा-मा, हा-तां, जा-ते, दो-घां. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत त आणि त! पहिलं अक्षरही दोन्हीकडं गुरूच. अण्णांनी निम्मे गुण देऊन टाकले. शार्दूलविक्रीडित त्यांच्याकडंही आहे, शाळेत शिकलेलं. नाव घेतल्यावर त्यांनी बोटांवर गण मोजून दाखवले. म स ज स त त ग. खुणासुद्धा त्याच.

चहा येईपर्यंत मग आमचा खेळच सुरू झाला. गावांची नावं ओळीत बसवायची. अष्टविनायकाच्या कडव्यात हे आधीच झालेलं आहे. तिथं ओझर ‘विघ्नेश्वरं ओझरम्’ म्हणून नीट बसलं, पण थेऊरचं ‘थेवरम्’ करावं लागलं आणि रांजणगावातलं गाव कापून नुसतं ‘रांजण’ ठेवावं लागलं. आमच्याकडं खानापूर सुरुवातीला चपखल, गागागाल. मार्कंडेय नदी तशीच. निपाणी आणि चिकोडी दोघी लगागा, त्यांना यतीनंतर जागा. येळ्ळूर गागाल, शेवटच्या सातांत दोनदा येऊ शकतं. टिळकवाडी मात्र अवघड. टि-ळ-क-वा-डी, लललगागा, बसते, पण ‘वा’ बाराव्या अक्षरावर आणि ‘डी’ यतीच्या पलीकडं. म्हणजे नावाच्या मधेच थांबायचं. टिळकवाडीत राहणाऱ्यांना रेल्वे गेटमुळं त्याची सवय आहे म्हणा.

आणि मग बेळगाव. बे-ळ-गा-व, गालगाल. ओळीत या आकाराची एकच जागा आहे, सहावं ते नववं अक्षर. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री आलेलं ‘बेळगावी’, गालगागा, त्यालाही एकच जागा, यतीनंतर चौदावं ते सतरावं. मी टेबलावर टकटक करत म्हटलं: जाऊ या मग बेळगाव बघुया, या बेळगावी पुन्हा. बसलं, ‘पुन्हा’च्या हलक्या पु-सकट. मराठी कानाला तो ‘बेळगावी’ नुसती सप्तमी वाटतो, बेळगावात या. अण्णा म्हणाले, आमचं वेगळं. कन्नडमध्ये ए दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ, आणि शहराच्या नावातला ऱ्हस्व. शेवटची ‘वि’सुद्धा ऱ्हस्व. म्हणजे ललगाल. मोजलं तर त्यालाही एकच जागा, चौथं ते सातवं. तिन्ही नावं एकाच ओळीत कुणाला जमतायत का बघा, आम्हाला जागा पुरली नाही. सहावं आणि सातवं अक्षर दोघांनाही हवं होतं.

मामा या खेळात नव्हते. बाकावर बसून गुडघ्यावर बोटं आपटत होते, ओठ हलत होते. चहा गार झाला. मग म्हणाले, “बाई, ते ‘सुकु दे’ काढा. झरा सुकत न्हाई. सुकतंय ते कापड. झरा आटतोय.”

बरोबर होतं. माझ्या डोक्यात वजन होतं, शब्द नव्हता. पण ‘आटो’ची दोन्ही अक्षरं जड, ती दहाव्या-अकराव्या जागेवर बसेनात.

“तर मग फुडं घ्या,” मामा म्हणाले, आणि म्हटलं:

आटो ना घरचा झरा कधिच हा, कुर्यात् सदा मंगलम्

मी बोटं मोडून मोजलं. आ-टो-ना, घ-र-चा, झ-रा-क, धि-च-हा. एकही अक्षर इकडंतिकडं नाही. परवापर्यंत सात चिंचोके ओळीनं मांडणारा माणूस! ‘घरचा’ आपल्या जागी राहिला, पहिल्या ओळीतल्या ‘घरची’च्या बरोबर खाली. ‘हा’ भरीचा आहे. माझ्या ‘कशी’ला नावं ठेवली तर यालाही ठेवायला हवीत. आणि ‘कधीच’चं ‘कधिच’ झालंय, ते छापताना माझा हात अडखळला. पत्रिकेत एखादी वेलांटी चुकली तर लोक फोन करतात. पण वृत्तासाठी दीर्घाचा ऱ्हस्व करायची मुभा जुनी आहे, आणि ‘मलप्रभा’नंतर माझी बोलायची छाती नव्हती. छापलं.

प्रूफ नव्यानं काढलं. मामांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून नाव वाचलं, मग दर विचारला. जाता जाता आठवलं तसं म्हणाले, नवऱ्याकडची मंडळी कन्नड शिकलेली, त्यांनाबी म्हणता आलं पायजे. कागदाच्या मागच्या बाजूला हेच कन्नड अक्षरांत घाला.

म्हणजे काम अण्णांकडं गेलं. लिपी बदलणं म्हणजे अक्षराला अक्षर, पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलेलं. पण दर ए आणि ओपाशी अण्णांची बोटं थांबायला लागली. “अक्का, हा दीर्घना, ह्रस्वना?” ‘थांबते’चा ते. ‘वाटेकडे’चा टे, मग डे. ‘जाते’चा. ‘भेटते’चे दोन. ‘आटो’चा टो. देवनागरीत हा प्रश्नच नाही. आपला ए दीर्घच, त्याला धाकटा भाऊ नाही. कन्नडमध्ये एक काना कमी पडला तर तो ए ऱ्हस्व होतो, आणि कूडलसंगमच्या वाटेवरचा कुणी काका ती ओळ लिहिली तशी इमानदारीत म्हणणार. वाटेकडेचे दोन ए लघू झाले की वाघ बसलाच खाली.

“सगळे दीर्घ, अण्णा.”

“सगळे?” त्यांनी एकेकाला खूण लावली, आणि पान पूर्ण झाल्यावर स्क्रीनवरून मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा दारात उभे राहून ऐकत होते, एक पाय पायरीवर.

“ह्यांनाच न्या की लग्नाला,” मी म्हटलं.

“या की वो अण्णा,” मामा म्हणाले. “तिसरी वळ तुमीच म्हणा.”

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा एकदा ती ओळ मनात म्हटली असावी, आणि मला विचारलं, “‘हळुहळू’नंतर किती थांबायचं?”